धुराड्याची वरात

आमच्या साळ्याला चहा करता येत नाही. स्वतःच्या घरातला साखरेचा डबा त्याला बायकोला विचारल्याशिवाय सापडत नाही, आणि दूध उतू जाणार हे त्याला ते ओट्यावरून खाली ओघळल्यावर कळतं. अशा माणसाने मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या सक्करदऱ्याच्या घरी येऊन, आमच्याच चहात बिस्किट बुडवत जाहीर केलं की आता तो मटण शिजवणार आहे. फक्त त्यासाठी आधी सव्वादोनशे किलो लोखंड लागेल.

"शिजवायले का तोलायले?" बायकोने विचारलं. तिचा तो सख्खा भाऊ, त्यामुळे तिला बोलायची मुभा आहे. मी जावई. मी हसून गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसाचीच जागा लोक वापरतात.

तीन वर्षं टेक्सासात काढून साळा आता मिहानमधल्या एका कंपनीत लागला आहे. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात. हा एक वेड घेऊन आला. त्या वेडाचं नाव ऑफसेट स्मोकर. एक आडवं लोखंडी पिंप, त्याच्या एका टोकाला, जरा खालच्या अंगाला, जोडलेली आगीची पेटी म्हणजे फायरबॉक्स, आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. लाकूड पेटीत जळतं, मटण पिंपात असतं, आणि दोघांची समोरासमोर गाठ पडत नाही. पेटीतला गरम धूर पिंपातून मटणाला चाटून जातो आणि धुराड्यातून निघून जातो. आतलं तापमान ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या मधे धरून ठेवायचं आणि बारा-चौदा तास वाट पाहायची.

"कुकरच्या पाच शिट्ट्यांत होते रे मटण," बायको म्हणाली.

"ताई, ही परंपरा आहे." मग त्याने परंपरा सांगितली. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटीक टेक्सासात जाऊन वसले. दिवसभरात जे मांस विकलं जायचं नाही ते खराब होऊ नये म्हणून ते धुरावर धरायचे. त्यातूनच पुढे हा सगळा प्रकार वाढला.

"म्हणजे उरलेलं मटण."

"ताई!"

"उरलेलंच ना पण?"

पिंप ट्रेलरवर बसवायचं होतं. कारण तिथे सगळ्यांचं ट्रेलरवरच असतं. कुठे न्यायचं, हा प्रश्न त्याला क्षुद्र वाटला. आमच्या गल्लीत दोन ॲक्टिवा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, म्हणून तर चाकं पाहिजेत." त्याचा फ्लॅट बेसा रोडला तिसऱ्या माळ्यावर. आमच्याकडे अंगण. पुढचं सांगायला नको.

पुरुषाच्या हातात भांडं दिलं तर तो पळतो, यंत्र दिलं तर ते पुसत बसतो. गॅसच्या बटणाला कधी हात न लावणारा आमचा साळा हवेच्या झडपेवर तासभर बोलायचा. फायरबॉक्सचं आकारमान पिंपाच्या एक तृतीयांश हवं, मधलं भोक केवढं, धुराड्याचं तोंड जाळीच्या पातळीला का हवं, सगळं त्याला पाठ. जिऱ्यात आणि शहाजिऱ्यात फरक काय, हे त्याने आजवर कोणाला विचारलेलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात मीही ऑफिसच्या वहीच्या मागच्या पानावर फायरबॉक्सची चित्रं काढायला लागलो. माझ्या आयुष्यात इतकी काळजीपूर्वक आखलेली गोष्ट दुसरी नाही. लग्नाची तारीखसुद्धा पंचांग पाहून दुसऱ्यांनीच काढली होती.

आता वेल्डर. नागपुरात उन्हाळाभर वेल्डर माणसाचं काम करत नाही, तो कूलरचं काम करतो. २०१३च्या २३ मे रोजी या शहरात पारा ४७.९वर गेला होता. अशा गावात लोखंडी कूलर बनवणाऱ्याला जे महत्त्व असतं ते डॉक्टरलाही नसतं. उमरेड रोडवरच्या आमच्या वेल्डरभाऊंनी मे महिन्यात आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला पाऊस पडला, कूलर माळ्यावर गेले, तेव्हा त्यांनी नकाशा हातात घेतला, उलटा धरला आणि म्हणाले, "झालं समजा."

"पत्रा कोणता लावायचा?" साळ्याने परीक्षा घेतली.

"कूलरचा उरला आहे ना जीआय. एकदम चकाचक दिसन."

साळ्याने तिथेच भाषण दिलं. जीआय पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की जस्ताचा धूर होतो, आणि तो धूर छातीत गेला की माणसाला थंडी वाजून ताप भरतो.

"येते ना," वेल्डरभाऊ शांतपणे म्हणाले. "आमाले नेहमीच येते. ग्लासभर दूध प्यायचं न् झोपून जायचं."

म्हणून कबाडीवाल्याकडे गेलो. त्याने आधी गॅसचं लाल सिलिंडर पुढे केलं. ते कंपनीच्या मालकीचं, आणि आत वास राहिला असला तर कापणाऱ्यासकट उडणारं. त्याच्याकडून सुटल्यावर ढिगामागे एक जुना बॉयलरचा पाइप दिसला. वीस इंच व्यासाचा, सहा मिलिमीटर जाडीचा. साळ्याने त्यावर हात फिरवला. त्याच्या लग्नात मुलगी पाहायला मी बरोबर होतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हा भाव नव्हता. सहा मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला ४७ किलो भरतं, आणि कबाडीवाला किलोने विकतो. त्यामुळे जाड पत्र्यात उष्णता कशी टिकते हे त्याने आमच्यापेक्षा जास्त रंगवून सांगितलं.

"एवढ्या जाड पत्र्याची भट्टी?" पाइप पाहून वेल्डरभाऊ म्हणाले. "मटण शिजवून राहिले का तिजोरी करून राहिले, भाऊ?"

काम सुरू झालं आणि सल्लागार जमले. नागपुरात वेल्डिंगची ठिणगी उडाली की तिच्याभोवती पाच माणसं उभी राहतात. त्यातले दोन डोळ्यांवर हात धरतात, बाकीचे चुका काढतात. विष्णू मनोहरांनी २०१८ साली याच शहरात एका कढईत तीन हजार किलो खिचडी शिजवली होती. त्यामुळे भांड्याच्या आकाराचं इथे कोणाला अप्रूप नाही. "किती हजार लोकांचं आहे?" हा पहिला प्रश्न. "पंधरा-वीस" हे उत्तर ऐकून लोक सांत्वन करायचे.

आमच्या गल्लीतले एक काका वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी हात मागे बांधून तपासणीला यायचे.

"तुमचा आयडी फॅन कुठे आहे?"

"तो नसतो काका यात. धूर आपोआप ओढला जातो."

"आपोआप?" काकांनी आयुष्यात आपोआप झालेलं काही पाहिलं नव्हतं. "न् राख पकडायले ईएसपी?"

"काका, मटण आहे हे."

"मग काय झालं? एक युनिट म्हणजे एक युनिट."

वेल्डरभाऊंचा तोडगा सोपा होता. "कूलरचा पंखा पडला आहे एक. लावून देऊ काय मागून? पंपही आहे." साळ्याने नाही म्हटलं. तरी एका बाजूला त्यांनी पंख्यासाठी चार भोकं पाडूनच ठेवली; पुढेमागे लागलीच तर. मग ती बुजवण्याचे वेगळे पैसे घेतले.

जुन्या ॲपे रिक्षाचा ॲक्सल खाली बसला, वरून उष्णतेला टिकणारा काळा रंग लागला, आणि आषाढ संपत आला. हे फार महत्त्वाचं. श्रावण लागला की आमच्या घरात मटणाचं नाव निघत नाही, आणि वेल्डरभाऊंचं "झालं समजा" आषाढाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबलं होतं. त्यामुळे भट्टी घरी आणायला दिवस मिळाला तो बुधवार.

ज्यांना सक्करदऱ्याचा बुधवार बाजार माहीत आहे त्यांनी इथे एक निःश्वास सोडावा. साळ्याच्या छोट्या गाडीने चौकापर्यंत ओढलं. तिथे क्लचचा असा वास आला की आमच्या धुराची पहिली चाचणी तिथेच झाली म्हणायची. मग गाडी सोडून दोन पोट्टे पुढून, आम्ही मागून, अशी ती वरात भाज्यांच्या ढिगांमधून निघाली. मेथीच्या जुड्या चाकाखालून वाचवत, "बाजू बाजू" ओरडत. एकाने विचारलं, मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममधून पळवून आणलं काय? एकाने डेंग्यूच्या धुराची गाडी समजून नाकाला रुमाल लावला. पण बाजाराचं एकमत वेगळ्याच गोष्टीवर झालं.

"आले वाटते डांबरवाले," पालकाच्या जुड्या मांडून बसलेली आजी म्हणाली. "पहिले आमच्या समोरचा खड्डा घ्या, बावा. तीन वर्षांपासून सांगून राहिलो."

"आजी, हे मटणाचं आहे."

"असू दे. पहिले खड्डा बुजवा, मग जेवजा."

आमच्यामागे हळूहळू दुसरी रांग तयार झाली. प्रत्येकाला आपापला खड्डा दाखवायचा होता. एक गृहस्थ तर साळ्याचा हात धरून आपल्या गल्लीत नेऊ लागले. वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली.

"कागद?"

"कशाचे साहेब?"

"याचे."

"हे भांडं आहे साहेब."

"भांड्याले चाकं कायले?"

याला उत्तर नव्हतं. ते मी साळ्याला मे महिन्यापासून विचारत होतो. पोलिसाने पिंपाचं दार उघडून आत डोकावलं, आत काय काय होतं ते समजून घेतलं, आणि दार लावून फक्त एवढंच विचारलं, "रविवारी काय?"

संध्याकाळपर्यंत आमच्या पिंपाचा फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. खाली मजकूर: रस्तेदुरुस्तीचं अत्याधुनिक यंत्र प्रभागात दाखल. त्याखाली पुढच्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि "पाठपुराव्याला यश". चाळीस जणांनी अभिनंदन केलं. त्यात आमचे काकाही होते.

मटणाचं सांगतो. टेक्सासात या यंत्रात जे शिजतं ते ब्रिस्केट, म्हणजे गोमांसातला छातीचा भाग. २०१५च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात तो विषयच मिटला. आमच्या आईसमोर तो त्याआधीही निघाला नसता. म्हणून बोकडाची अख्खी रान. मटणवाल्याने सुरी उचललीच होती.

"तुकडे नको करू," साळा ओरडला.

"म्हणजे मोठे तुकडे?"

"अख्खी पाहिजे."

"अख्खी न्या ना. पण तुकडे करून देतो." माणसाचं मन मोठं होतं.

लाकूड काटोलकडच्या ओळखीतून आलं होतं, संत्र्याच्या बागेतली म्हातारी झाडं काढली त्याचं. नागपुरी मटणाला नागपुरी संत्र्याचा धूर, ही कल्पना मला स्वतःला अजूनही आवडते. अडचण एवढीच की धुरासाठी लाकूड वर्षभर वाळवलेलं लागतं, आणि हे जुलैत अंगणात उतरलं. शेवटी साळा लाकडाच्या टालीवर गेला आणि विचारलं, सीझन्ड लाकूड आहे काय?

"सीझन तर सुरूच आहे ना भाऊ," टालवाला आभाळाकडे पाहत म्हणाला. "चांगलं भिजलेलं देतो."

मसाल्यावर तर घरात फूटच पडली. आमच्या शेजारच्या काकू हलबा कोष्टी विणकरांच्या घरातल्या, म्हणजे सावजी मटण ज्यांच्या चुलीवरून सगळ्या नागपुरात पसरलं त्या घरांपैकी एक. त्या पाहायला आल्या.

"काय लावलं रे?"

"मीठ आणि मिरी, काकू."

"अन्?"

"बस एवढंच."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. घरात आजारी कोणी आहे का, असं ते पाहणं होतं. दगडफूल नाही, खसखस नाही, जवसाचं तेल नाही, सुकं खोबरं नाही. जाताना त्या बायकोच्या कानात काहीतरी बोलल्या आणि बायकोने मान हलवली.

रविवारी पहाटे आग पेटली. आग चांगली पेटली की निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर येतो, असं साळ्याने सांगितलं होतं. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड अर्धवट जळतंय, त्याने मटण कडू होतं. आमचा धूर इतका पांढरा होता की पलीकडच्या माडीवरची आजी खिडक्या लावून घेत ओरडली, "अरे, डेंग्यूची गाडी आली, पोरांना आत घ्या!" पोरं अर्थातच बाहेर धावली आणि धुरात उड्या मारू लागली. पलीकडच्या दोरीवरच्या साड्यांना जो वास लागला तो मला वाटतं अजून आहे. कारण त्या घरातून आम्हाला अजून कोणी हाक मारत नाही.

अकराच्या सुमाराला धूर निळा झाला, काटा १२० वर आला, साळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानेही असेल. आणि तेव्हाच लोक यायला सुरुवात झाली.

या यंत्राचं पथ्य एकच, दार उघडायचं नाही. उघडलं की साठवलेली उष्णता भसकन जाते आणि पुन्हा चढायला वेळ लागतो. हे पथ्य ज्यांनी घातलं त्यांना सक्करदरा माहीत नव्हता. आमच्याकडे बंद दार म्हणजे अपमान असतो.

"झालं काय?" पहिले काका.

"संध्याकाळी होईल काका."

"पाहून तर घेऊ." आणि उघडलं.

मग वेल्डरभाऊ आले, जोडणी कुठून गळते ते पाहायला. त्यांनी उघडलं. मग वाहतूक पोलिस, शब्दाला जागून, साध्या कपड्यांत. त्यांच्यासाठी मीच उघडलं. कायद्यापुढे काय करणार. मग पाठपुरावावाले भाऊ चार कार्यकर्ते घेऊन आले. खरं काय ते त्यांना कळलं, पण चेहरा हलला नाही. त्यांनी दार उघडतानाचा फोटो काढून घेतला. काटा १२० वरून ७० वर यायचा, साळा लाकूड घालायचा, काटा चढायचा, पुढचा पाहुणा फाटकातून आत यायचा.

"काटाच खराब असन," कोणीतरी म्हणालं. ते मला पटलं. याच नागपुरात २०२४च्या मे महिन्याच्या शेवटी एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि सेन्सर बिघडला होता असं मग हवामान खात्यानेच सांगितलं.

दुपारी पाऊस आला. उघड्यावरचं तापलेलं पिंप फुसफुसायला लागलं, साळा त्यावर छत्री धरून उभा, स्वतः भिजत. मटणात खुपसलेला दुसरा काटा ६८ वर येऊन अडला तो हलेचना. तास गेला, दीड तास गेला. साळ्याने फोनवर ह्यूस्टनच्या मित्राला उठवलं. तिथे पहाट होती.

"कायचा अडला?" वेल्डरभाऊंनी वाकून पाहिलं. मटणाला पाणी सुटलं होतं. ते हसले. "अरे भाऊ, घाम येऊन राहिला त्याले. वारा लागते, घाम उडते, आंग थंड पडते. कूलर आहे ना बावा हा! बाहेर किती तापलं तरी आत थंडच राहीन, पाणी संपत नाही तोवर."

ह्यूस्टनच्या मित्रानेही नेमकं हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि अर्धा तास घेऊन. यावर तिकडे मांस कागदात गुंडाळतात, असंही तो म्हणाला. आमच्या आईने हे ऐकलं आणि पळसाची पानं घेऊन आली. "पानगे नाही का आपण पळसाच्या पानात भाजत? बांध त्याच्यात." बांधलं. काटा चढू लागला. टेक्सासचं शास्त्र आणि आईचे पानगे यात नक्की कोण जिंकलं यावर आमच्या घरात अजून वाद आहे, आणि आईला त्यात रस नाही.

रात्री नऊला रान बाहेर काढली. वरून काळीकुट्ट, आतून गुलाबी, हाडावरून हात लावताच सुटणारी. साळ्याने पहिला तुकडा वेल्डरभाऊंना दिला. त्यांनी डोळे मिटून चावला. सगळे थांबले.

"मस्तच," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिलं. "तर्री कुठे आहे?"

तेवढ्यात काकू झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. त्या दिवशी बायकोच्या कानात जे बोलल्या होत्या ते हे. काळा, लाल तेलाचा थर असलेला सावजी रस्सा. चौदा तास जिवापाड जपलेली ती रान हां हां म्हणता त्यात बुडाली, आणि नाकातून पाणी पुसत सगळ्यांनी स्मोकरची तोंडभरून स्तुती केली. साळाही तिसऱ्यांदा रस्सा घेताना दिसला.

चार दिवसांनी श्रावण लागला. अंगणात पिंप उभं. मी म्हटलं, वांगी तरी भाजू, भरीत करू. आईने चातुर्मास आठवून दिला. तिचा वांग्यांना चंपाषष्ठीपर्यंत नकार. मग महिनाभर त्या सव्वादोनशे किलो लोखंडात आम्ही भुट्टे भाजले. बायकोने उरलेल्या वेळात त्यात पापड वाळवायला ठेवले, आणि सगळ्यात उत्तम कामगिरी त्याने तिथेच केली.

पोळ्याच्या आठ दिवस आधी गल्लीतली पोट्टी आली. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन्ही एकोणिसाव्या शतकापासूनच्या. त्यांच्याबरोबर निघतात बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना जे काही छळत असेल त्याचे पुतळे. इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवायचे आणि शेवटी जाळायचे.

"काका, तुमची ती गाडी देता काय? खड्ड्यांचा बडग्या करून राहिलो. डांबरवाली मशीन पायजे, तुमची एकदम खरी वाटते."

"अरे पण बडग्या शेवटी जाळतात."

"मंग?" त्यातला लहानगा म्हणाला. "तिच्यात आग लावून तर तुमी वापरता ना."

आतून बायकोचा आवाज आला, "देऊन टाका हो. फक्त पापड काढून घेऊ द्या."